रोज्याच्या दुपारचं पाणी

महदिया, १४ नोव्हेंबर २०२२

शेदली,

ओल्फा जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण माझं अक्षर पाकिटावर बघून तुला भलतंच काही वाटायला नको. पत्राच्या सुरुवातीला ख्यालीखुशाली विचारायची पद्धत असते, ती आज माझ्याच्यानं पाळवणार नाही.

शुक्रवारी दुपारी, मशिदीतून माणसं बाहेर पडत होती तेव्हा, माझी मुलगी जुन्या बंदराच्या पायऱ्यांवरून चपलांसकट समुद्रात उतरली. पळाली नाही, ओरडली नाही. चालत गेली. जाळं शिवत बसलेल्या हमदाला वाटलं, पोरीचं काहीतरी पाण्यात पडलंय, शोधतेय. पाणी गळ्याशी आलं तेव्हा तो तसाच कपड्यांनिशी धावला. संध्याकाळी दाराशी येऊन मला म्हणाला, "ताई, ती हिसके देत नव्हती हो. पिठाचं पोतं उचलावं तशी आली." मी त्याच्या बायकोसाठी मकरूदचा डबा दिला. दुसरं काय देणार? मुलीच्या जिवाच्या बदल्यात रव्याच्या वड्या!

आणि आता तू. दीड वर्षात ही पोर अशी पिठाचं पोतं कशी झाली, ते तुला ठाऊक आहे. तरी मी सांगणार. फोनवर तू 'शक्यता' आणि 'कल' असल्या शब्दांच्या फटीतून सुळकन निसटतोस. कागदावरून निसटता येत नाही, म्हणून हे पत्र. फोन मी बंद केलाय तुझ्यासाठी. करत बसू नकोस.

ओल्फाचं पहिलं वादळ आलं तेव्हा ती राजधानीतून शिक्षण टाकून घरी आली होती. गच्चीच्या भिंती तिनं भर उन्हात निळ्या रंगवल्या, हातातल्या सोन्याच्या बांगड्या हमामात अनोळखी बायकांना वाटल्या, आणि बंदरावरच्या यच्चयावत कोळ्यांना स्वतःच्या साखरपुड्याचं आवतण दिलं. नवरा मुलगा कोण, ते तिलाही माहीत नव्हतं. खाटकाकडून मेंढा दारात येऊन उभा राहिला तेव्हा आमचे नूरी, जे आयुष्यात कधी आवाज चढवत नाहीत, मेंढ्याच्या गळ्यात पडून रडले. मग सगळं उतरलं आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली. डॉक्टर हाजर म्हणाल्या, मनाचे हे दोन टोकांचे झोके आहेत, यावर लिथियम नावाचं जुनं, स्वस्त औषध असतं, ते सुरू करू.

तेव्हा तू उंटावरून शेळ्या हाकायला आलास. "थांबा. लिथियम सगळ्यांना लागू पडत नाही. कुणाला पडेल ते आम्ही जनुकांवरून आधीच सांगू शकतो. वर्षभर चुकीचं औषध कशाला द्यायचं पोरीला?" किती गोड वाटलं होतं ते! आईनं शेजारपाजारी सांगून टाकलं, माझा लेक थुंकीवरून नशीब वाचतो.

गेल्या रमझानात आलास, नळ्यांची पेटी घेऊन. सगळ्यांना थुंकायला लावलंस. भर दुपारी आईच्या स्वयंपाकघरात उभा राहून घटाघटा पाणी प्यायचास. "पोटात व्रण आहे," म्हणालास. आईनं मुकाट्यानं खिडकीचा पडदा ओढला, शेजारणींना दिसू नये म्हणून. ओल्फाच्या नळीचं झाकण लावताना तुझी बोटं थरथरत होती. मला वाटलं, चला, दगडाला पाझर फुटला, भाचीसाठी एवढं तरी वाटतंय.

मग फ्रान्समधून, ल्योनहून तुझा अहवाल आला. ओल्फाच्या जनुकांत दुसऱ्याच एका, अधिक वाईट आजाराकडचा ओढा फार आहे, अशांना लिथियम सहसा मानवत नाही, आणि तिच्या मामेआजोबांनाही, म्हणजे आपल्या मुख्तारमामालाही, ते लागू पडलं नव्हतं. शेरा: शेवटच्या रांगेत. शेदली, मी सव्वीस वर्षं शाळा चालवतेय. ढ म्हणून ढ मुलालाही मी आधी परीक्षेला बसवते, मग नापास करते. तू माझ्या पोरीला वर्गाबाहेरच नापास केलंस.

तुझ्या अहवालावरून डॉक्टर हाजर यांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या. एक बदलली, दुसरी वाढवली. ओल्फा फुगली, लाळ गळायला लागली, दिवसभर झोपायला लागली. 'आई, मी कुठे गेले?' असं मला विचारायची. आणि मग शुक्रवारी पायऱ्या उतरली.

बाबांच्या मातीला तू आला नाहीस, ते मी बोलून दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. दाखवते. तेव्हाही तुझी काहीतरी महत्त्वाची परीक्षा चालली होती.

ओल्फाची आई

*

महदिया, ५ डिसेंबर २०२२

शेदली,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं. त्यात 'ओल्फा' हा शब्द एकदा आलाय. मी शोधला.

तू लिहितोस, अहवालात कुठेही 'लिथियम देऊ नये' असं लिहिलेलं नाही, 'पहिली पसंती असू नये' एवढंच आहे. वा रे पठ्ठ्या! लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे विचारतात, मुलगा कसा आहे, आणि शेजारी म्हणतो, 'मी काही वाईट म्हणणार नाही हो.' लग्न मोडतं, शेजारी नामानिराळा. आईनं तुझं पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं. अर्ध्यावर म्हणाली, "हा माझा मुलगा बोलतोय की विमा कंपनी?"

एक गोष्ट मात्र तू प्रामाणिकपणे लिहिलीस, मी विचारलं म्हणून. तुझा हा काटा, ज्यावर तू ओल्फाला तोललंस, तो कुणाच्या थुंकीवरून बनवलाय? जर्मन, डॅनिश, स्वीडिश, फ्रेंच. हजारो आहेत म्हणे. आणि आपल्याकडचे? 'फारसे नाहीत.' फारसे म्हणजे किती रे? आपल्या घरातले धरून?

म्हणजे माझ्या मुलीची चप्पल तू बर्फातल्या माणसाच्या पायावर बेतलीस आणि मग म्हणालास, हिचा पाय वाकडा आहे.

मी हे डॉक्टर हाजर यांना जाऊन सांगितलं. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. बाई भल्या आहेत. दिवसभर बाहेरच्या बाकावर माणसं मावत नाहीत, तरी ऐकून घेतात. म्हणाल्या, "वसीला मॅडम, नुसता तो आकडा असता तर मी कदाचित बाजूला ठेवला असता. तो आपल्या लोकांवर नीट चालत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तुमचे सख्खे मामा. त्यांना लिथियम दिलं, लागू पडलं नाही, इस्पितळातच गेले. याला लागू पडणं, न पडणं घराण्यात चालत येतं. एक आकडा आणि एक मामा. दोन साक्षीदार झाले. दोन साक्षीदारांवर तर निकाहही होतो."

यावर मी उठून घरी आले. मुख्तारमामाचे शेवटचे दिवस मी पाहिलेत. आईनं त्याच्यासाठी भरलेली मिरची नेली होती, त्यानं ती खिशात घातली आणि आईला 'बाई, तुम्ही कुणाकडे आलात?' असं विचारलं. त्या मामाचं नशीब ओल्फाच्या रक्तात उतरलं असेल, तर मी कुणाशी भांडू?

म्हणून सध्या तुझ्याशी भांडते.

वसीला

*

महदिया, १० जानेवारी २०२३

शेदली,

बसून वाच. चहा हातात असेल तर खाली ठेव.

काल ओल्फाला दाखवायला नेलं तेव्हा आई हट्टानं बरोबर आली. 'डॉक्टरीणबाईंना मी दोन शब्द सुनावते,' म्हणाली. गुडघे दुखतात म्हणून बाजारात येत नाही, पण भांडायला जिने चढते. डॉक्टर हाजर यांनी तिला शांत करायला घराण्याचं पुन्हा विचारायला घेतलं. मग जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

"तुमचे भाऊ मुख्तार. तुमच्याहून मोठे की धाकटे?"

"बरोबरीचे. अल्ला त्याला शांती देवो. आम्ही एकत्रच प्यायलो. मी उजवीकडे, तो डावीकडे. माझी आई म्हणायची, डावीकडचा जास्त खादाड."

"म्हणजे जुळे?"

"जुळे कसले, बाई! तो हसूना तांबटाचा मुलगा. त्याची आई त्याला जन्म देऊन गेली. पोर रडून रडून निळं पडलं, तेव्हा माझ्या आईनं उचलून छातीला लावलं. मग राहिला आमच्याकडेच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, म्हणजे ते तुमचे भाऊ नव्हेत."

अरे, आईचा चेहरा बघायला हवा होतास! तिनं डोक्यावरच्या सफसारीची पांढरी चादर सरळ केली. "भाऊ नव्हे? एका दुधाचा भाऊ तो भाऊ नव्हे? एका दुधावर वाढलेल्या मुलामुलीचं लग्न लावून दाखवा बघू. कुठला काझी लावेल? नाही ना लागत? मग भाऊच. देवानं भाऊ केलेल्याला तुम्ही खोडणार?"

"देवानं केलंय, आजी, मी नाही खोडत. पण रक्तानं नाही केलं."

"माझ्या मुलानं विचारलं, 'आईला भाऊ किती?' मी म्हटलं, 'एक, मुख्तार.' खोटं बोलले का मी? रक्ताचे किती, असं कुठं विचारलं त्यानं?"

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली ओल्फा हसली. फार नाही. नाकातून फुस्स आवाज आला इतकंच. पण कित्येक महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता, आणि मला तिथेच रडू फुटलं.

आता तू म्हणशील, ताई, तुला तरी ठाऊक होतं ना? होतं. सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की कुणी बोलतच नव्हतं. हवा आहे, असं कुणी सांगतं का? डॉक्टर 'सख्खे मामा' म्हणाल्या तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. तुला ठाऊक नव्हतं, कारण तू कधी बायकांच्या अंगणात मटार सोलत बसला नाहीस, वरच्या खोलीत पुस्तकं घेऊन बसायचास. आणि मोठा झालास तो थेट थुंकीच्या नळ्या घेऊनच परत आलास. माणसाच्या पेशीत काय दडलंय ते तुला दिसतं, आजीनं कुणाला पाजलं ते दिसत नाही.

तर तुझे दोन साक्षीदार. एक परदेशी, ज्याला आपली भाषा येत नाही. दुसरा, अल्ला त्याला क्षमा करो, या खटल्यातलाच नव्हे. माझ्या मुलीला शिक्षा कुणाच्या साक्षीवर झाली, सांग.

डॉक्टर हाजर लिथियम द्यायला तयार आहेत. मूत्रपिंडाची आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची तपासणी झाली, सगळं ठीक आहे. पण तुझा अहवाल तिच्या कागदांत लागलाय, आणि तू मोठा संशोधक. त्यांना तुझ्याकडून एक ओळ हवी: मामाची नोंद चुकीची होती, लिथियम देऊन बघायला हरकत नाही. एक ओळ, शेदली. तीन पानं नकोत. पोस्टानं नको, आजच्या आज त्यांना पाठव.

वाट बघते.

वसीला

*

महदिया, २० फेब्रुवारी २०२३

शेदली,

तू ओळ पाठवली नाहीस. 'नोंद दुरुस्त करून गणित पुन्हा मांडावं लागेल, सहकाऱ्यांशी बोलावं लागेल' असं डॉक्टरांना कळवलंस. घर जळतंय आणि हा विहिरीची खोली मोजतोय!

ते पत्र वाचून डॉक्टर हाजर यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाला गणित मांडू दे. मी औषध देते. माझ्या शिक्षकांनी मला शिकवलं होतं, आधी देऊन बघा. मीच त्या छापील कागदाला घाबरले." कुणी डॉक्टर माझ्यासमोर असं बोललेला मी पाहिला नव्हता. त्यांच्यावरचा माझा अर्धा राग तिथेच गेला. तो अर्धाही तुझ्या खात्यात घाल.

जानेवारीच्या अखेरीपासून ओल्फा लिथियम घेतेय. कसं आहे, ते आज सांगणार नाही. आज दुसरं विचारायचंय.

पहिल्या दिवशी गोळ्या देताना डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून नियम सांगितले. रक्त वेळच्या वेळी तपासायचं, कारण औषध थोडं जास्त झालं तरी विष होतं. जेवणातलं मीठ एकदम कमी-जास्त करायचं नाही. तहान फार लागेल, तर पाणी भरपूर प्यायचं, उन्हाळ्यात जास्तच. हाताची बोटं बारीक थरथरतील, घाबरायचं नाही, कप दोन्ही हातांनी धरायचा. "आणि मार्चमध्ये रमझान आहे. ओल्फा, तुला रोजे ठेवायचे नाहीत. दिवसभर पाणी नाही म्हटल्यावर औषध रक्तात साचतं. कुणी विचारलं तर सांग पोटात व्रण आहे. माझे बरेच पेशंट तसंच सांगतात."

माझ्या हातातली पर्स खाली पडली.

डॉक्टर बोलत होत्या, आणि मला आईचं स्वयंपाकघर दिसत होतं. सिंकपाशी पाठमोरा तू. एक पेला, दुसरा, तिसरा. ओढलेला पडदा. नळीचं झाकण जे तुला लागत नव्हतं. संध्याकाळी उपास सोडताना तू शोरब्याचा वाडगा दोन्ही हातांनी धरायचास, आणि आई म्हणायची, "फ्रान्समध्ये गेल्यापासून याला थंडी वाजते." आणि तू फक्त नेहमीचीच भाकरी, नेहमीचंच मीठ मागायचास, म्हातारबुवासारखा.

मी घरी आले. वर्गात दोन दिवस मुलांवर विनाकारण खेकसले. एकाला दाराबाहेर उभं केलं, मग कशासाठी उभं केलं तेच आठवेना.

थुंकी सगळ्यांची घेतलीस. आईची, माझी, नूरीची, ओल्फाची. स्वतःची कुठल्या नळीत घातलीस? तुझ्या त्या घराण्याच्या झाडावर तू मामाला लटकवलंस, जो त्या झाडाचा नव्हताच. स्वतः कुठल्या फांदीवर आहेस, ते का नाही दाखवलंस?

एकच प्रश्न. 'शक्यता' नको, 'कल' नको.

तू लिथियम किती वर्षं घेतोयस?

वसीला

*

महदिया, १६ मार्च २०२३

शेदली,

तुझं पत्र आलं. या वेळी हातानं लिहिलेलं आहे. ओळी तिरक्या गेल्यात. वाचायला वेळ लागला, आणि एका बैठकीत वाचवलंही नाही.

तर बाबा गेले तो महिना. तू परीक्षेत नव्हतास. दाराला आतून कडी नसलेल्या खोलीत होतास, आणि तुला कुणीतरी फोनवरून निरोप सांगितला की वडील गेले, आणि तुला वाटलं हा आणखी एक भास आहे. बाहेर आलास तेव्हा बाबांच्या मातीवर गवत उगवलेलं. आणि तेव्हापासून लिथियम. तेव्हापासून पुन्हा एकदाही नाही. चौदा वर्षं.

मी चौदा वर्षं तुला दगड म्हटलं. आईनं बाबांच्या पहिल्या वर्षाच्या कुसकुसाच्या जेवणाला तुझ्यासाठी वाढलेली थाळी मी उचलून मांजराला घातली होती. मला हे माहीत असतं तर, असं लिहून मी आता रडगाणं गाणार नाही. माहीत नव्हतं, कारण तू सांगितलं नाहीस. मी ल्योनला चालत आले असते रे. तू माझ्या मांडीवर वाढलेला पोर.

पण ही माया इथंच थांबवते, कारण राग संपलेला नाही.

तू मला सांगितलं नाहीस, ठीक. लाज वाटली असेल. आई आजही 'नसांचा त्रास' म्हणते, आजार म्हणत नाही. बायकोला आजार न सांगता लग्न केलंस, ती निघून गेली, तेही तुझं तू बघ. पण ओल्फा तुझ्यासमोर बसली होती. तिनं तोंड उघडलं आणि तू तिच्या तोंडात नळी धरलीस. त्याच वेळी तुझ्या खिशात तीच गोळी होती, जी तुला चौदा वर्षं सांभाळत होती. एका आजीचं रक्त. सख्खा मामा. आणि तू जाऊन आकडा पाठवलास, डॅनिश लोकांचा! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्यातल्या बिचाऱ्याला निदान कळसा कुठे आहे हे ठाऊक नसतं. तुला ठाऊक होतं. तू आम्हाला वळसा घालायला लावलास, आणि त्या वळशात समुद्र होता.

तू लिहितोस, 'संशोधकानं स्वतःला आपल्या कामात आणायचं नसतं.' गप्प बस. 'एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही' असंही लिहितोस. अरे वा! मुख्तारमामाही एकच माणूस होता ना? त्या एकावरून झालं सिद्ध, आणि तुझ्यावरून होत नाही? लागू पडलं नाही, ते लिहायला एक माणूस पुरतो, आणि लागू पडलं, त्याला हजार लागतात. कारण तो एक तू आहेस.

आणि तुला खरी भीती कशाची होती ते तू शेवटच्या पानावर, खोडून पुन्हा लिहिलंयस. तू आधी स्वतःचीच थुंकी त्या काट्यावर घातली होतीस. तुझाही शेरा शेवटच्या रांगेतला निघाला. काटा म्हणाला, या माणसाला लिथियम लागू पडणार नाही. आणि तू तो कागद हातात घेऊन, गोळी गिळून, कामावर गेलास. आपण बरे आहोत यापेक्षा काटा बरोबर आहे, हे तुला जास्त खरं वाटलं. वाटलं, आपण अपवाद. मग आपल्या भाचीला अपवाद व्हायची एक संधीही का दिली नाहीस रे? मला याचं उत्तर नको. तुलाच लागेल, आयुष्यभर.

आता ओल्फाचं.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. डॉक्टर हाजरही म्हणत नाहीत. म्हणतात, निदान वर्ष जाऊ दे. पण दुसऱ्या गोळ्या जवळजवळ बंद झाल्यात. लाळ गळायची थांबली. परवा तिनं शोरब्यात मीठ जास्त पडलं म्हणून माझ्याशी असं कडाडून भांडण केलं, की नूरी अंगणातून धावत आले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. भांडायला माणूस जागेवर लागतो. हमदाच्या मासळीच्या दुकानापर्यंत एकटी जाऊन ऑक्टोपस आणला तिनं, आणि तोही शिळा बघून परत केला. हमदा मला म्हणाला, "ताई, आज पोतं नव्हतं. आज शिव्या देत होती."

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. विचारलं नाही तुला, आणि विचारणारही नाही. तुझं गुपित ऐकायचा पहिला हक्क तिचाच होता. तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि ती ओळ पुन्हा स्वतः वाचली. मग म्हणाली, "मामा चौदा वर्षं कामावर जातो? रोज?" मी म्हटलं, "रोज. आणि तिथं मूर्खपणा करतो." तिनं पुन्हा विचारलं, "पण जातो ना?" शेदली, तुझ्या कुठल्याही अहवालानं तिला हे दिलं नव्हतं. हे तू त्याच दिवशी, त्याच स्वयंपाकघरात, फुकट देऊ शकला असतास.

आईला अजून सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं. ती म्हणेल, माझ्याच दुधात काहीतरी असणार. तिला समजावायची जबाबदारी तुझी, तू शास्त्रज्ञ ना.

पुढच्या आठवड्यात रमझान लागतो. ओल्फाला रोजे नाहीत, आणि तिला याची फार लाज वाटते. भरल्या घरात दुपारी एकटीनं पाणी प्यायचं, तेही चोरून. काल म्हणाली, "मी न्हाणीघरात जाऊन पिईन." मी तिला रागावले, आणि मग मीच न्हाणीघरात जाऊन रडले.

म्हणून ये. पूर्ण महिन्यासाठी ये. गणित राहू दे, सहकाऱ्यांना काहीही सांग, पोटात व्रण आहे म्हणून सांग. नळ्यांची पेटी आणलीस तर दारातून परत पाठवीन. रोज दुपारी स्वयंपाकघरात, त्याच सिंकपाशी, माझ्या मुलीबरोबर उभा राहा, आणि तिच्यासमोर दोन्ही हातांनी पेला धरून पाणी पी.

खिडकीचा पडदा मी काढून ठेवला आहे.

तुझी मोठी बहीण
वसीला